खटक्यापाशी

खट्.

एवढाच आवाज झाला. दुपारची वेळ होती, रेवा नुकती झोपली होती. मी स्वयंपाकघराच्या दाराआड जमिनीवर बसून, मांडीवरच्या लॅपटॉपशी दबक्या आवाजात बोलत होते. बाहेरच्या खोलीत कुणीतरी बटण पाडलं आणि माझ्या पडद्यावरचा कौस्तुभ, माझा पुण्यातला साहेब, तोंड उघडं ठेवून गोठला. थोड्या वेळानं तोही गेला.

"आत्या, वायफाय बंद केलंत?"

"मला काय ठाऊक त्याचं नाव. ती हिरवी बत्ती नुसती लुकलुकत होती. हात लावला तर ही तापलेली."

"मी कामावर आहे, आत्या. त्या बत्तीवरच माझं काम चालतं."

"तू तर हितं खाली बसलीयस," आत्या म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि बेदाण्यांचं ताट घेऊन उंबऱ्यात बसल्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. तासगावात आमचं तीन खोल्यांचं घर, नवरा सुजित चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा. घरात आम्ही दोघी आणि रेवा. ती तेव्हा बालवाडीच्या वयाची होती. आता सहावीत आहे, आणि त्या दोन दिवसांतलं तिला काहीच आठवत नाही. मी तिला आठवण करून दिलेली नाही.

आत्यांचं आणि बटणांचं काहीतरी होतं. घराबाहेर पडताना, झोपताना, आभाळ भरून आल्यावर त्या खोल्याखोल्यांतून फिरत आणि खट् खट् करत सगळं बंद करत. कधीकधी त्यालाही कारण लागत नसे. फ्रिज तेवढा सुटायचा. तोही मी भांडून सोडवून घेतला होता. मला वाटे, बिलाची काळजी. म्हातारपणी एकेकाला एकेक लागतं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

पण त्या गुरुवारी सोडून देण्याइतकं डोकं माझ्याकडे शिल्लक नव्हतं.

मी उठून बत्तीचं बटण वर केलं, तोच मोबाइल वाजला. वाजताक्षणी आत रेवा उठली आणि रडायला लागली. एका हातानं तिला उचललं, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"हर्षदा, काय झालं? नेट गेलं का?"

"आलंय परत. बोल."

"मी एवढंच सांगत होतो," कौस्तुभ म्हणाला, "सोमवारी जुनं ॲप बंद पडणार आणि त्याच दिवशी ट्रस्टचे लोक बालवाड्या बघायला निघणार. पोरांसमोर टॅब उघडला आणि काळा पडदा दिसला, तर आपलं काम गेलं."

"मला माहीत आहे."

"उद्या संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर मी ते समीरकडे देतो. तो इथं माझ्यासमोर बसतो, दोघं मिळून बघू. पण मग तुला घरून कायम करायचं म्हणून मी वरच्यांना काय सांगू? तूच सांग."

रेवा माझ्या खांद्यावर नाक पुसत होती.

रेवाच्या वेळी मी नोकरी सोडली. नंतर चार वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. पुण्याच्या या छोट्या कंपनीनं घेतलं तेही आधी परीक्षा म्हणून, जमलं तर कायम. काम असं होतं: जत भागात एक ट्रस्ट चाळीसेक बालवाड्या चालवत होता, आणि प्रत्येकीत आमच्या कंपनीचा एकेक टॅब होता. गाणी, चित्रांच्या गोष्टी, मुलांची हजेरी सगळं त्याच्यावर. तासगावात बसून ते सगळे टॅब सांभाळणारी मी. माझ्या पडद्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक दिसत. इथून कळ दाबली की तिथं ॲप बदलायचं, कुलूप लागायचं, उघडायचं. त्याला डिव्हाइस मॅनेजमेंट म्हणतात. आत्यांना मी सांगितलं होतं, लांबनं टॅबला औषध पाजायचं काम आहे. त्या म्हणाल्या होत्या, "आणि त्यानं गिळलं की थुंकलं, ते कसं कळतं?"

नेमकं तेच कळत नव्हतं. त्या आठवड्याच्या सोमवारीच मी नवं ॲप पाठवलं होतं. पाच-सहा टॅबनी ते घेतलं. बाकी सगळ्यांपुढे एकच शब्द होता: पेंडिंग. 'फेल' असतं तर कारण तरी शोधता आलं असतं. पेंडिंग म्हणजे पाहुणे मुलगी बघून गेलेत आणि निरोप यायचाय. ना हो, ना नाही.

मंगळवारी परत पाठवलं. बुधवारी गट मोडून नवे गट केले, टॅब लांबूनच बंद करून चालू केले, जागा भरली असेल म्हणून जुनी गाणी काढून टाकली. दोन सेविकांनी फोन करून विचारलं, गाणी कुठं गेली, पोरं रडतायत. राउटरवाला म्हणाला टॅबचा दोष, टॅबवाला म्हणाला ॲपचा, आणि कौस्तुभ म्हणाला तिकडे नेटच नसेल. पण दिवसभर ते टॅब माझ्याशी नीट बोलत होते. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. मुलं असताना मध्येच टॅब बंद पडू नये, म्हणून रात्री, चार्जिंगला असतानाच ॲप बदलावं असं आम्ही ठरवून दिलं होतं. रोज सकाळी मी आशेनं बघायची. पेंडिंग.

आणि वर चिडवायला घरी तसाच एक टॅब होता, तपासून बघण्यासाठी दिलेला. माझ्या उशाशी चार्जिंगला लावला की सकाळी नवं ॲप घेऊन तयार. पाहुण्यांपुढे पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा. जो बिघाड आपल्याकडे होतच नाही, तो दुरुस्त कसा करायचा?

"आई, माझी चिमणी लाव."

"थांब हं, सोन्या."

"तू कालपण थांब म्हणालीस."

गुरुवारी संध्याकाळी मी तो टॅब पुन्हा कोरा केला, पहिल्यापासून. जुनं ॲप टाकलं, त्यात चिमणीचं गाणं होतं, म्हणून रेवाच्या हातात दिला. तेवढ्यात माझ्या तोंडून नको ते निघालं. ती टॅब आपटत आली तेव्हा मी म्हणाले, "थोडा वेळ तरी मला आई म्हणू नकोस." ती स्वयंपाकघरात जाऊन फडताळाला पाठ लावून बसली आणि चिमणीला म्हणाली, "हळू गा, आई कामावर आहे."

त्या रात्री तिला थोपटता थोपटता माझाच डोळा लागला. टॅब कुठं राहिला तेही बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी चहा टाकायला गेले तर टॅब ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकून उभा. वायर बोर्डात खोचलेली. आत्यांनी लावली असणार. सवयीनं पडदा उघडला.

पेंडिंग.

चहा उतू गेला. मला रडू यायला हवं होतं, पण मी मोठ्यानं हसले. पाच दिवसांत पहिल्यांदाच बिघाड माझ्या घरी आला होता.

"काय झालं गं?" आत्या बाहेरून म्हणाल्या.

"आत्या, टॅब तुम्ही लावलात का इथं?"

"रेवानं दिला, म्हणाली याला भूक लागलीय. लावला."

"आणि रात्री?"

"रात्री काय?"

"बटण."

"बंद केलं की. आणि बाहेरच्या बत्तीचं पण. रोज करते."

रोज करत होत्या. फक्त माझ्या खोलीत येत नव्हत्या, आणि माझ्या खोलीत मी मोबाइलच्या नेटवर टॅब चालवायची. गॅस बंद करून मी तिथंच फोन लावला, शेळकेवस्तीच्या शालनताईंना. इतर सेविका उचलतील न उचलतील, शालनताई उचलायच्याच.

"ताई, संध्याकाळी टॅब कुठं ठेवता?"

"कपाटात. चार्जिंगची वायर कपाटातच घेतलीया, उंदरं कुरतडत्यात म्हणून."

"आणि मग?"

"मग काय, केर काढती, खिडक्या लावती, मेन पाडती, कुलूप घालती."

"मेन रोज पाडता?"

"मग? शाळा बंद आन मेन चालू, असं कुठं असतंय व्हय?"

"मग टॅबची बॅटरी भरलेली कशी?"

"दुपारी पोरं जेवत्यात तवा लावती की."

"सगळ्याच बालवाड्यांत असं?"

"समद्या पाडत्यात. ज्यांची कुणाच्या घरात भरतीया त्यांचं सोडून."

ज्यांची कुणाच्या घरात भरतीया. त्याच पाच-सहा. मी ओट्याला टेकले. पुण्यात बसून आम्ही ठरवलं होतं, रात्र म्हणजे निवांत वेळ, टॅब चार्जिंगला, वायफाय सुरू. आणि इकडे गावोगावच्या तीस-पस्तीस बायका रोज संध्याकाळी कुलूप घालण्याआधी हात वर करून मेन पाडत होत्या.

"ताई, एक काम करा. आजच्या रात्री मेन चालू राहू द्या. फक्त आजच. मी बाकीच्यांनाही सांगते."

पलीकडे केर काढल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"ताई?"

"न्हाई जमायचं, बाई."

"अहो, एका रात्रीचा प्रश्न आहे."

"रातच्याला हितं कुणी नसतंय."

"कुणी असायची गरजच नाही. आपोआप होतं ते."

"आपोआप व्हतंय म्हनूनच भ्या वाटतंय."

"एका रात्रीत काय आग लागणार आहे का?"

मी ते फार वाईट आवाजात बोलले. मला ऐकू आलं ते.

"लागंल न लागंल," शालनताई शांतपणे म्हणाल्या. "पोरांच्या चटया हायत आत. मेन चालू ठिवून म्या घरी निजू कशी?"

"मग सोमवारी टॅब चालला नाही की मला फोन करू नका," मी म्हणाले आणि ठेवून दिला.

बाहेर आत्या बेदाण्यांच्या काड्या काढत बसल्या होत्या. समोर रेवा, एक बेदाणा ताटात, एक तोंडात. माझा राग उतरायला जागा शोधत होता, ती सापडली.

"तुमच्यासारख्याच आहेत सगळ्या," मी म्हणाले. "बटण, बटण, बटण. माझी नोकरी जायची वेळ आलीय त्या बटणापायी. एक बत्ती रात्रभर चालू राहिली तर काय होतं, ते एकदा सांगा तरी मला."

आत्यांनी मान वर केली नाही.

"गिरणी होती आपली, ठाऊक आहे ना?"

"हो."

"कसली गिरणी?" रेवानं विचारलं.

"पिठाची. आजोबांची. आता तिथं मोबाइलचं दुकान झालंय." त्यांनी एक काडी बाजूला ठेवली. "गिरणीची एक रीत असती. पट्टा बसवायचा, वायर बघायची, काय पण उघडायचं झालं, की आधी मेन पाडायचा आणि एकानं खटक्यापाशी बसायचं. लाइट गेलेली असली तरी बसायचं. कुणी येऊन चुकून वर करू नये म्हणून."

"खटका म्हणजे?"

"बटणच. मोठं असतं, दांड्याचं. जा, आतनं मोठी वाटी आण मला."

रेवा गेली. आत्यांचा हात चालूच होता.

"त्या दिवशी लाइट गेलेली. हे खाली मोटरीपाशी वाकलेले. मी खटक्यापाशी. सुजित आत झोळीत होता, तो उठला, रडायला लागला. हे म्हणाले, रडू दे जरा. मी म्हणाले, आलेच."

आत वाट्या वाजत होत्या.

"दळणाला एक बाई बसलेली. लाइट आली का बघावं म्हणून तिनं खटका वर केला, आणि नेमकी आलेली. तिचं तरी काय चुकलं."

रेवा वाटी घेऊन आली.

"ही मोठी आहे ना, आजी?"

"हो गं. मोठीच आहे."

सुजितनं मला लग्नाआधी सांगितलं होतं, वडील मी लहान असताना गिरणीत शॉक लागून गेले. एवढंच. त्याला तरी याहून जास्त ठाऊक आहे का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

मी आत गेले. ओट्यावर सांडलेला चहा पुसला, दुसरा टाकला, आत्यांना नेऊन दिला. मग शालनताईंना परत फोन लावला. त्या उचलतील असं वाटलं नव्हतं.

"बोला."

"ताई, रात्रीचं राहू द्या. मुलं गेली की टॅब चार्जिंगला लावायचा आणि तुम्ही तिथंच बसायचं. मी इथून करते. झालं की सांगते, मग मेन पाडून घरी जा."

"म्या हितं असताना व्हय?"

"तुम्ही असतानाच."

"मग बसती की. आदी तसं म्हनायचं."

"मघाशी मी चुकीचं बोलले, ताई."

"ऱ्हाऊ द्या. परवा गान्यांचं इचारलं तवा घरात लेकरू रडत हुतं तुमच्या, ऐकू येत हुतं मला."

कौस्तुभचं समाधान करणं जास्त अवघड गेलं.

"म्हणजे वेळ बदलायची? रात्रीऐवजी संध्याकाळ?"

"हो. बालवाडी सुटल्यावर."

"आणि चाळीस बायका थांबतील? शुक्रवारी संध्याकाळी? त्यांना घरी जाऊन भाकऱ्या नाहीत करायच्या?"

"आहेत. मी विचारते त्यांना."

"आणि नाही म्हणाल्या तर? समीर म्हणतोय सगळे टॅब पुसून नव्यानं..."

"पुसू नकोस. मुलांची हजेरी आहे त्यात. संध्याकाळपर्यंतची मुदत मला दिलीस ना? मग संध्याकाळपर्यंत समीरला चहा पाज."

तो हसला की वैतागला, कळलं नाही. पण थांबला.

सेविकांच्या ग्रुपवर मी बोलून निरोप पाठवला. पहिल्या वेळी आवाज फार साहेबी आला, पुसला. दुसऱ्या वेळी मागून रेवानं चिमणीचं गाणं सुरू केलं, तो तसाच जाऊ दिला. रात्री मेन चालू ठेवायची गरज नाही, म्हणाले. संध्याकाळी थोडा वेळ टॅबपाशी बसा, मी इकडे तुमच्यासोबत बसलेलीच आहे, झालं की आपापला मेन पाडा. दुपारपर्यंत अंगठे येत राहिले. एकीनं लिहिलं, बसते पण म्हशीची धार माझीच आहे, आधी माझं करा. तिचं नाव मी सगळ्यांत वर घेतलं.

संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर, उघड्यावर बसले. दार लावून घेतलं नाही. रेवा मांडीत आली, तिला आल्यावर खाली उतरवलं नाही. तिच्या डोक्यावरून वाकून मी टाइप करत होते.

आत्यांच्या भजनाची वेळ झाली. त्या निघतील आणि निघताना हात बोर्डाकडे जाईल, म्हणून मी आधीच सांगणार होते. पण त्या बेदाण्यांचं ताट घेऊन आल्या आणि राउटरच्या बोर्डाखाली, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसल्या.

"भजनाला नाही का जायचं?"

"असू दे आज."

धारवालीचा टॅब पहिला झाला. पेंडिंग गेलं, हिरवं आलं. मग दुसरा, मग एकदम तीन. मध्येच सगळं थांबलं. मग परत सुरू झालं. फोन येत होते. "आमचा गोल फिरतोय नुसता." "फिरू दे, बंद करू नका." "लाइट डिम झाली." "थांबा, येईल." "अवो, झालं, चिमणी नव्या रंगाची आली." रेवा प्रत्येक फोनला म्हणायची, कोण आहे, आणि मी म्हणायची, एक मावशी.

शेवटी शेळकेवस्ती राहिली. गोल फिरत होता, नेट सारखं तुटत होतं, बाहेर अंधारून यायला लागलं होतं. शालनताई फोनवरच होत्या. त्यांच्या बाजूनं कुत्रं भुंकल्याचं ऐकू येत होतं, माझ्या बाजूनं आत्यांच्या ताटात काड्या पडत होत्या.

"ताई, कंटाळलात का?"

"न्हाई वो. बसलीया की मेनखाली, खुर्ची घेऊन."

हिरवं आलं.

"झालं, ताई."

"पाडू का?"

"पाडा."

पलीकडून आवाज आला. खट्. मग कुलपाचा, मग चपलांचा.

कौस्तुभचा निरोप आला होता. सगळे हिरवे दिसतायत, समीरला सांगतो, सोमवारी बोलू, घरूनच राहा. मी तो दोनदा वाचला. लॅपटॉप मिटला आणि रेवाच्या केसांत तोंड खुपसून बसले. तिला बेदाण्याचा वास येत होता.

"आई, आता म्हणू का आई?"

"म्हण. कितीही वेळा म्हण."

"ती मावशी काय करत होती?"

"बटणापाशी बसली होती."

"का?"

"काम चाललेलं असताना काही होऊ नये म्हणून."

रेवानं मान वळवून बोर्डाखाली बसलेल्या आजीकडे बघितलं. आत्यांचं ताट केव्हाच निवडून झालं होतं. एकही काडी शिल्लक नव्हती, तरी त्या तिथून उठल्या नव्हत्या.

"आणि आजी पण म्हणूनच बसली?"

"हो."

मग पुन्हा आत्यांकडे बघत, माझ्या गालाला हात लावून तिनं विचारलं,

"मग आजोबांच्या गिरणीत खटक्यापाशी कोण बसलं होतं?"